वाळवनाच्या दिसातला चुगलखोर

औंदा बी गहू भिजत घातलेत. तिसरा दिस हाय. झाकन काढलं की आंबूस वास नाकात शिरतोय, आन् त्यो शिरला की माजं मन जाग्यावर राहत न्हाय. बायकास्नी त्या वासानं कुरडईचा चीक आठवतो, ल्हानपनी वाटीत तूप घालून खाल्लेला. मला एक फोन आठवतोय. काळा, गुळगुळीत, मागनं गुलाबी कवर. गव्हाचा आन् फोनाचा काय संबंद, म्हनशीला. माजी लेक अंबिका करमाळ्याचं सासर सोडून परत आली ती ह्याच वाळवनाच्या दिसात. तीन उन्हाळं झालं. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात त्यो फोन. जावयानं लग्नाच्या दुसऱ्या वरसाला घिऊन दिलेला.

तवा मीच म्हनले हुते, जावई लई हौशी हाय बाई.

आमच्या हितलं ऊन वरनं कमी आन् बाजूनं जास्त येतंय. भितीतनं येतंय, पत्र्यातनं येतंय, फरशीवर पाय ठिवला की तळव्यातनं वर चढतंय. नळाला पानी पाचव्या दिशी. त्यातलंच प्यायचं, त्यातलंच डाळी-गहू भिजवायचं. अशा दिसात बाईमानसाला एका जागी बसवत न्हाय. मी गच्चीवर जाती, जुन्या लुगड्यावरचं पापड उलथती, खाली येती, दाराकडं बघती, परत वर. गुडघं दुकत्यात, तरी पाय थांबत न्हाईत. ही सवय त्या उन्हाळ्यात लागली ती लागलीच.

अंबिका आली तवा दोन दिस आतल्या खोलीत पडून हुती. मी तिचं अंग बघून घेतलं. आईची नजर आदी तितंच जाती. खुना न्हवत्या. मी इचारलं, "मारतोय का गं?"

"न्हाय अव्वा."

"पितोय?"

"न्हाय."

"मंग?"

तिनं ताटातल्या जवारीतला खडा निवडून फेकला. मंग म्हनली, "बघतोय."

"म्हंजे?"

"सारका बघतोय. किराना दुकानात गेले की फोन. वीस मिनटं झाली, तितं काय करतीस? शेजारनीकडं बसले की फोन. तिच्या घरात तुजं काय हाय? मी न सांगता त्येला कळतंय अव्वा. सगळं कळतंय."

मी मनात म्हनले, शेजारीपाजारी सांगत असतील. गाव म्हनल्यावर तोंडं असत्यातच. भावकीतली थोरली जाऊ भेटायला आली, ती म्हनली, "बघतोय म्हंजे जीव हाय त्येचा. आमचा मेला चाळीस वरसात एकदा वळून बघत न्हाय." बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. अंबिका हसली न्हाय.

माजी सासू बी बघायची. उंबऱ्यावर बसायची, हातात जपाची माळ. मी हापशावर गेले की तिचा जप सुरू. एका घागरीला किती मनी सरत्यात हे तिला पाठ हुतं. मनी जास्त सरलं की घरात पाय ठिवायच्या आदी बोलनी. पन तिचा डोळा कुटं हाय ते मला दिसायचं. दुपारच्याला तिला डुलकी लागायची. तेवढ्यात मी भितीपलीकडच्या शमशादकडं जायची, चार गोष्टी बोलायची, हसायची, परत यायची. त्या डुलकीवर माजी जवानी निघाली म्हना. अंबिकाच्या वाट्याला आलेल्या डोळ्याला डुलकीच न्हवती.

मालक वारलं तवा अंबिका सात वरसाची. मी मागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. मागाच्या आवाजानं डावा कान गेला. कारखाना बंद पडला तवा कडक भाकरी करायला घेतली. पातळ थापायची, तव्यावर फुगवायची, मंग दाबून दाबून पापडावानी कडक करायची. म्हैनाभर टिकती. त्या भाकरीवर लेक मोटी केली, बारावी शिकवली, लग्न केलं. रडत बसायला येळ मिळाला न्हाय, आन् आता मिळाला तर सवय न्हाय. तेवढं सांगून सोडती.

तर अंबिका म्हनली, मी काम बघती. आठ दिसात लागलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टावेलाच्या कडा शिवायचं. पैल्या दिशी आली तवा केसात सूत अडकलेलं, डोळं लाल, आन् तोंडावर कायतरी हुतं जे मी वरसानुवरसं बघितलं न्हवतं. जेवताना शिवनयंत्राच्या पायाच्या तालावर गुडघा हालवत हुती. मी दुसरीकडं बघितलं. दिष्ट लागायची.

सहाव्या दिशी जावई गेटवर. त्या दिसात त्यो करमाळा सोडून हितंच मित्राकडं राहत हुता, ते मला मागनं कळलं. मोटरसायकल आडवी लावून, पाळी सुटायच्या टायमाला, लोकांम्होरं. "बघा, नवऱ्याला सोडून ही हितं टावेल शिवतीया." मुकादम बरा मानूस हुता. पन म्हनला, "बाई, घरचं मिटवून या. हितं रोज तमाशा झाला तर मालक मला काढंल."

दुसऱ्यांदा अक्कलकोटात. गुरवारी दोघी मठात गेलो. परसादाच्या रांगंत बसलो, मागं वळून बघती तर जावई. वाकून माज्या पाया पडला. म्हनला, "अव्वा, यायचं तर सांगायचं की. मी सोडलं असतं." लई गोड बोलत हुता. कन्नडातनं आवाज चढवून भांडला असता तर मी बी चार शब्द सुनावलं असतं.  अंबिकानं परसादाचा द्रोन तसाच खाली ठिवला.

आमी अक्कलकोटाला जानार हे कुनाला ठावं हुतं? एका शमशादला. जाताना उनाचं तिनंच छत्री दिली हुती. कामाचं कुनाला ठावं हुतं? शमशादलाच. मी जन्मभर बघितलेलं एकच. गोष्ट एका घरातनं दुसऱ्या घरात जाती ती कुनाच्या तरी तोंडातनं. बिनतोंडाची चुगली असती हे मला कोन सांगनार?

वाळवनाचं काम आमच्यात सावडीनं चालतंय. आज तुज्या घरचं पापड, उद्या माज्या घरच्या कुरडया, परवा शमशादच्या शेवया. पाच जनी एका घरात जमायचं, मजुरी न्हाय, हिशेब न्हाय, चा तेवढा ज्याच्या घरी काम त्येचा. त्या दिशी माजं पापड हुतं. सकाळी सातलाच गच्चीवर बसलो, उडदाचं पीठ कुटून कुटून हात भरून आलेलं. मी लाट्या करत हुते. माज्यानं राहवलं न्हाय.

"शमशाद, आमच्या घरातली गोष्ट करमाळ्याला कशी जाती गं?"

तिचं लाटनं थांबलं. "मेरे कू पूछ री तू?"

"तुलाच. दुसऱ्या कुनाला ठावं न्हवतं."

"तुजा नवरा गेला तवा म्हैनाभर तुज्या लेकीला कोन जेवू घालत हुतं, गंगू?"

"ते येगळं. चुगली येगळी."

बाकीच्या तिघी खाली बघून लाटत राहिल्या. शमशाद उटली. हात धुतलं, पदराला पुसलं. खालचा पोळपाट उचलला, काखंत मारला. "तेरे पापड तूच लाट," म्हनली, आन् जिना उतरून गेली. मला तवा बी वाटलं, खरं असंल म्हनूनच झोंबलं.

निम्मं पीठ तसंच वाळून खडा झालं त्या दिशी.

अंबिकाला दुसरं काम मिळालं, भाजी मंडईच्या मागं एका बाईच्या घरात झबली-टोपडी शिवायचं. पैल्याच दिशी ती फोन घरीच इसरली. मला कडक भाकरीची आर्डर त्या फोनावर यायची, निरोप म्हनून. मला इंग्रजी येत न्हाय, मराठी अडखळत वाचती, त्यात चष्मा फुटलेला. जवारी दळायला निघालेच हुते, म्हनलं गिरनीवाल्याकडनं वाचून घ्यावं. फोन पिशवीत टाकला, जवारीच्या डब्याशेजारी.

गिरनीत लई गर्दी. पिठानं सगळ्यांच्या पापन्या पांढऱ्या. गिरनीवाल्यानं निरोप वाचला, "पन्नास भाकरी, बुधवारी." मी मान हालवती न हालवती तोवर दारात जावई उभा. आत आला, इकडं तिकडं बघाय लागला. मला बघितलं आन् थबकला.

"अंबिका कुटं हाय?"

"कामाला. का?"

"न्हाय, ती हितं..." म्हनला. त्येची नजर माज्या पिशवीवर गेली. नुसती गेली आन् आली. मंग "बरं बरं" करत निघून गेला.

मी तितंच पायरीवर बसले. गिरनीला जायचं हे घटकाभर आदी माजं मलाच ठावं न्हवतं. शमशादला तर ठावं असायचं कारनच न्हाय, आमचं बोलनं बंद. आन् त्यो मला शोधत आला न्हवता. त्यो लेकीला शोधत आला आन् त्येला सासू घावली. लेकीच्या जागी माज्याकडं तिचं काय हुतं? पिशवीतनं फोन काढला. उनानं तापलेला, जितं जनावर हातात धरल्यावानी. काच काळीभोर. त्यात माजंच पिठाळ तोंड दिसत हुतं.

अंबिकाला सांगितलं तर ती म्हनली, "मला शंका हुतीच अव्वा. फोनातलं ते ठावठिकाना दाखवनारं मी बंद केलं की परत आपोआप चालू हुतंय. मला वाटलं माजंच कायतरी चुकतंय." फोन फेकून दे म्हनले. तर कामाचं निरोप त्यावरच, भाकरीच्या आर्डरी त्यावरच. फेकून खायाचं काय?

मंग मी जे केलं ते आता सांगायची लाज वाटती, पन केलं. आमच्यात मांजर लांब सोडायची असली की पोत्यात घालून नेत्यात. तिला वाट दिसू न्हाई, वास येऊ न्हाई, म्हंजे ती परत घर शोधत येत न्हाय. मला वाटलं, फोनाचं बी तसंच. त्यो काचेतनं वाट बघत असंल. मी त्येला तीन फडक्यांत गुंडाळला, त्यावर जवारीचं पोतं, आन् अंबिका म्होरं गेल्यावर मागनं त्येला घिऊन निघाले. बोळाबोळानं गेले. देवळाला दोनदा वळसा घातला. एकदा उलटी चालून परत फिरले. लोक बघत हुते, म्हातारी काय चोरून चाललीय. झबली शिवनाऱ्या बाईच्या घरी पोचले, पोतं कोपऱ्यात ठिवलं. अंबिका म्हनली, "अव्वा, ह्येनं काय हुनार न्हाय." मी म्हनले, "तू गप. मांजरं म्या सोडलीत, तू न्हाय."

दुसऱ्या दिशी जावई त्या घराच्या दारात. बाई बिचारी एकटी राहनारी, भ्याली. अंबिकाला म्हनली, "ताई, उद्यापासनं येऊ नका." त्यो दुसरा रोजगार. पैला गेला त्येच्यामुळं, दुसरा माज्यामुळं.

त्या सांच्याला अंबिका गच्चीवर कटड्याला टेकून उभी हुती. म्हनली, "अव्वा, मी जाती परत. तितं निदान त्येला दिसती म्हनून ओरडत तरी न्हाय. हितं तू बी भाजून निघायलीस." ती रडत न्हवती, आन् तेच मला झेपलं न्हाय. त्या क्षनाला मी ठरवलं, कुनाम्होरं वाकावं लागलं तरी वाकायचं.

वाकायचं हुतं ते शमशादच्या भावाम्होरं. रफिकभाई. आदी जकार्डच्या मागाचा फिटर, आमच्याच कारखान्यात. कारखाना बंद झाल्यावर चौकात कपाटाएवढं दुकान घातलं, फोन दुरुस्तीचं. त्येच्या भैनीला मी चार जनींम्होरं चुगलखोर म्हनले हुते. अंबिकाला संगं घिऊन दुकानाम्होरनं दोनदा म्होरं गेले, दोनदा मागं आले. शेवटी त्यानंच हाक मारली. "आक्का, कितने फेरे मारोगे? आत या, ऊन लागंल."

मी फोन त्येच्या टेबलावर आपटला. "ह्येचं डोळं फोडायचं हाय."

त्यानं भिंग डोळ्याला लावलं, पन फोन उघडला न्हाय, नुसतं काचेवर बोट फिरवलं. अंबिकाला दोन-चार गोष्टी इचारल्या. फोनातलं हे खातं कुनी उघडलं? त्यांनीच. पासवर्ड कुनाला ठावं हाय? त्यास्नी. तुमाला? न्हाय. रफिकभाईनं भिंग काढलं. माज्याकडं बघत म्हनला, "चुगली तर ह्यो करतोय आक्का. इतके दिवस."

मी खाली बघितलं. त्यानं भैनीचं नाव बी काढलं न्हाय. तेच जड गेलं.

मंग त्यानं समजावलं ते माज्या डोस्क्यात नीट बसलं, कारन त्यो आमच्याच बोलीत बोलला. "आक्का, जकार्डच्या मागावर पुठ्ठ्याचे पत्ते असतात ना, भोकं पाडलेले? माग तोच, सूत तेच. पत्ते बदलले की मोराच्या जागी कमळ. फोन म्हंजे माग. आत जे चालतंय ते पत्ते. ह्यातले पत्ते कंपनीचे, आन् त्याच्यावर जावयाचं खातं चढवलेलं. नक्षी त्याच्या मनाची निघनार, तुमी कुटं हाय ते त्याला बसल्या जागी दिसनार."

"मंग पत्ते फाडा."

"फाडायचे तर काय घालायचं ते ठरवा आदी."

म्हंजे भाजीवानी निवडायचं आलं. त्यानं टेबलावर तीन वस्तू मांडल्या. एक बटनाचा साधा फोन. "ह्यो काय सांगत न्हाय, कारन ह्येला काय कळतच न्हाय." तसलाच मला बरा वाटला. पन अंबिका म्हनली, "ह्यात कामाचा ग्रूप येनार न्हाय, आर्डरीचा फोटू येनार न्हाय." दुसरा एक महागडा, परदेशी. त्येला मी हातच लावला न्हाय. तिसरा जुनाच, कोपऱ्याला टवका गेलेला. "ह्यात मी दुसरे पत्ते घालून देतो. दुसरी सिस्टीम. फुकट असती, जगभरातली लोकं मिळून करत्यात."

"फुकट? मंग त्यात काळंबेरं असंल."

त्यो हसला. "तुमची पापडाची सावड फुकट न्हाय का, आक्का?"

सावड म्हनल्यावर मला शमशादच्या काखंतला पोळपाट आठवला.

"तुमचाच फोन पुसून नवं खातं बी उघडता येतं," त्यो अंबिकाला म्हनला. "ते सोपं हाय. सगळं नेहमीवानी चालंल."

अंबिकाला पैल्यांदाच मोठ्यानं बोलताना आयकलं मी. "मला खातंच नको. कुनाच्या नावाचं, कुनाच्या पासवर्डचं काय बी नको. खात्याबिगर चालत असंल त्यो द्या."

"चालंल. पन तकलीफ हाय. बँकेचं ॲप चालंलच असं न्हाय. काही गोष्टी येड्यावाकड्या दिसतील. कायतरी अडलं की मलाच इचारावं लागंल, दुसरा कुनी हात लावनार न्हाय. आन् खोटं बोलत न्हाय, टॉवरला तुमी कुटं हाय ते कळनारच. सिमकार्ड हाय तोवर कळनार. जावयाला कळनार न्हाय."

मला त्येचं हे खरं बोलनं आवडलं. जो विकनारा मानूस वस्तूची खोट आदी सांगतो त्येच्याकडनं घ्यावं.

त्येच्या दुकानात एक डबडा कम्प्युटर हुता. बंद पडलेल्या कुठल्या तरी क्लासमधनं भंगारात घेतलेला, पंखा मागावानी घरघरनारा. त्यावर बी त्यानं फुकटचीच सिस्टीम घातलेली. वायरीनं फोन त्येला जोडला. दुपारभर आमी दोघी बाकड्यावर बसून बघत हुतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर वर सरकत हुती, ताना भरताना सूत सरकतं तशी. एकदा सगळं थांबलं. रफिकभाई कपाळाला हात लावून म्हनला, "या अल्ला." मला वाटलं, गेला. मंग परत सरकाय लागलं. नवं सिम माज्या नावावर घेतलं, आन् त्यो बटनाचा साधा फोन मी माज्यासाठी घेतला.

त्या फोनाचं मला एक लई पटलं. त्यो इचारतो. कायतरी नवं घातलं की पडद्यावर येतं, तुमी कुटं हाय ते ह्येला कळू द्यायचं का? फोटू बघू द्यायचे का? व्हय का न्हाय? अंबिका मला दाखवून दाखवून "न्हाय" दाबायची. पैल्या दिशी किती येळा दाबलं. हसत हुती. माज्या लेकीनं कधी कुनाला न्हाय म्हनलेलं मी बघितलं न्हवतं. मला बी न्हाय, नवऱ्याला बी न्हाय. पैल्यांदा तिनं एका काचेला न्हाय म्हनून बघितलं.

जुना फोन रफिकभाईनं पुसून, सुटा करून, डब्यात टाकला.

अंबिकाला तिसरं काम लागलं, परत एमआयडीसीतच, दुसऱ्या कारखान्यात. पंधरा दिस गेलं. जावई आला न्हाय. घरी मातर एकदा आला. मी दारात उभी राहिले. म्हनला, "तिचा फोन लागत न्हाय." मी म्हनले, "लागत न्हाय तर लागत न्हाय. बोलायचं असंल तर थोरल्या चार लोकांत बसून बोल." पुढं वकील, कोर्ट, ते सगळं झालं, चालू बी हाय. ते सांगायला बसले तर वाळवन राहील. आज अंबिका पंधरा बायकांवर बघनारी हाय. ती "बघनारी" म्हनली की मी तिच्याकडं बघती, ती म्हनती, "टाके बघती अव्वा, बायका न्हाय."

तकलीफ झाली, न्हाय कशाला म्हनू. बँकेचं काम तिच्या फोनावर हुईना, ते माज्या बटनाच्या फोनावर ओटीपी मागवून, बँकेत रांग लावून. गॅसचं बुकिंग एकदा आडलं, तर चार दिस चुलीवर भाकरी केली. तिच्या कामावरच्या पोरी तिला म्हनत्यात, "ताई, तुमचा फोन म्हातारा हाय." रफिकभाईकडं म्हैन्यातनं एकदा जावं लागतंच. फुकटात पैसं वाचत्यात, येळ जातोय. पन भाकरी बी चुलीवर केली म्हनून कुनी मेलं न्हाय.

राहिली शमशाद. मी गेले तिच्या घरी. शेवयाचं पीठ मळत हुती, एकटी. मी उंबऱ्यात उभी राहून म्हनले, "माजं चुकलं." तिनं वर बघितलं न्हाय. म्हनली, "हात धू आन् बस." मी धुतलं, बसले, पीठ मळलं. तिनं माफ केलं का न्हाय मला आजपतूर ठावं न्हाय. ती येती, मी जाती, सावड सुरू हाय. पन आता ती माज्याम्होरं कुनाच्या घरची गोष्ट काढत न्हाय. आदी सगळ्या गल्लीची खबर तिच्याकडं असायची, मी हसून हसून बेजार व्हायची. आता इचारलं की म्हनती, "मुझे क्या मालूम." फोनाला नवे पत्ते घालता येत्यात. मानसाचं तसं न्हाय.

आन् माजं काय? मी तर मोकळी व्हायला पायजे हुते. पन उन्हाळा आला, गव्हाला वास सुटला, की माजं पाय परत चालाय लागत्यात. आता मला जावयाची भीती न्हाय. आता मला लेक कुटं हाय ते ठावं नसतंय, ह्येचीच भीती.

परवाची गोष्ट. अंबिका सहाला घरी येती. सहा झालं, साडेसहा झालं. बटनाच्या फोनावरनं लावला, बंद. गच्चीवर गेले, कुरडया भरल्या, खाली आले. परत लावला. बंद. सात झालं. रस्त्यावर कामगारांच्या सायकली सरल्या. डोळ्याम्होरं काय काय आलं. गेट, मोटरसायकल, सगळं. शमशादच्या दारात जाऊन उभी राहिले, काय इचारायचं ते सुचेना, परत आले. साडेसातला अंबिका आली. चपला काढत हुती, तोंडावर घाम, पन तोंड हसरं.

मी वरडले, "कुटं हुतीस? दीड तास! फोन का बंद? कुनासंगं हुतीस?"

तिचा एक पाय चपलंतच राहिला. तोंडावरचं हसू गेलं आन् जे आलं ते मी वळखलं. तीन उन्हाळ्यांमागं ती त्याच तोंडानं माज्या दारात उभी राहिली हुती. आन् ह्या बारीला ते तोंड माज्यामुळं झालं हुतं.

ती भांडली न्हाय. आत आली, पानी प्याली, माज्याशेजारी बसली. म्हनली, "बॅटरी संपली हुती अव्वा." मंग सावकाश, "तुला एवढं हुत असंल तर एक करता येतं. तुला बी मोटा फोन घिऊ. ह्या सिस्टीमीत बी सोय हाय. मी व्हय दाबलं की तुला नकाशावर माजा ठिपका दिसंल. घरात बसून बघत जा. तुजी अशी घालमेल बघवत न्हाय." तिनं फोन चार्जिंगला लावला, उजळला तसा माज्याम्होरं धरला. "बघ, हितं. दाबू?"

मला लई बघायचं हुतं. खोटं कशाला बोलू. एक ठिपका. कारखान्यात हाय, रस्त्यावर हाय, घराकडं यायलाय. किती झ्याक झालं असतं. जिना चढायचा न्हाय, दार बघायचं न्हाय, गुडघं दुकायचं न्हाय. सबंद इळभर मी पापड लाटत बसले असते आन् एका डोळ्यानं लेकीला बघितलं असतं. माजा हात म्होरं झाला बी.

तिचं बोट काचेवर थांबलेलं. ती माज्याकडं बघत हुती. न्हाय म्हनायला शिकलेली पोर, आन् माज्यासाठी व्हय म्हनायला तयार.

"नको," मी म्हनले. "ठिव ते. हात धू, भाकरी वाढती."

ती उटली. हात धुता धुता गुनगुनत हुती. दीड तास कुटं हुती ते तिनं सांगितलं न्हाय, आन् मी इचारलं न्हाय.